जुन्या अक्षरांची पुस्तकं
नारिन, शरद १९२९

आई, तुझ्या कालिपाचा सलाम.

मी खुशाल आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

सरकारनं आपली अरबी लिपी बदलून लॅटिन केली. वाचनालयाची जी पुस्तकं मी घोड्यावरून तंबूतंबूत पोचवली, तीच गोळा करून जाळायचा हुकूम आला. उल्कानआजीला मीच वाचायला शिकवलं होतं. तिनं पुस्तक छातीशी धरलं.

"पोरी, म्हातारपणी शहाणं केलंस, आता पुन्हा अडाणी करतेस?"

"नवी अक्षरं शिकवीन ना, आजी."

"तेवढं आयुष्य कुठून आणू?"

तरी माझ्यावर बालंट नको म्हणून तिनं पुस्तक दिलं. मी ते आगीत टाकलं गं.

बाबांची जुन्या अक्षरांतली पुस्तकं अजून घरात असतील, तर मी आले तरी मला दाखवू नकोस.

तुझीच,
कालिपा