रेघेच्या वर

अप्पा, तुम्ही भिंतीवर काढलेली लाल रेघ या पावसाळ्यात पाण्याखाली गेली. तुम्हाला हे दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगते. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि मला तुमचा राग पहिल्यांदा आत्ता आलाय. तो कुणाला दाखवावा तेही कळत नाही. दादाजवळ बोलले तर तो म्हणतो, "अप्पांचं काय चुकलं त्यात?" आणि तुमचं काय चुकलं ते खरंच मला एका वाक्यात सांगता येत नाही.

तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात, आणि पावसाळ्यात सांगलीत कृष्णेच्या घाटावर जाऊन पाण्याची पातळी वाचणं हे तुमचं काम. शाळा सुटली की मी कॉन्व्हेंटच्या गणवेशातच, पांढरे मोजे चिखलात भरवत तुमच्या मागे यायची. दगडी खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. तुम्ही डोळे बारीक करून बघताय, लाट खाली बसेपर्यंत थांबताय, मग वहीत लिहिताय, आणि मी छत्री धरून उभी आहे. त्याचा मला फार तोरा होता. एकदा मी वर्गात जाहीर करून टाकलं की उद्या पाणी पेठेत येणार, माझे वडील म्हणाले. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. एका मैत्रिणीच्या वडिलांनी हमाल लावून हळदीची पोती हलवली आणि पाणी काही आलं नाही. तुम्ही मला मारलं नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणालात, "पाणी किती हाय ते आपण सांगायचं. किती हुईल ते न्हाई. ते कुणालाच ठाव नसतं."

मग तुमच्या निवृत्तीनंतरचा तो मोठा पूर. पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून, सासरहून, चिखल काढायला आले होते. तुम्ही भिंतीवरची ओल कुठवर गेलीय ते बघितलंत, दोरी धरलीत आणि ऑइलपेंटनं सरळ रेघ ओढलीत. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "आवं अप्पा, आमच्या बी भिंतीवर काडा की. तुमचा हात सरकारी हाय." तुम्ही हसत गेलात. दोन दिवसांत सगळ्या गल्लीत तुमची रेघ झाली, आणि पुढे लोकांनी ती बघून घरं लावली. विजेची बटणं रेघेच्या वर, देव्हारा वर, धान्याचा पिंप फळीवर. आपल्या घरात तर पंखा लावायला वहिनीला काठी लागायची. ती म्हणायची, "मामंजींनी आदी माजी उंची तरी बगायची." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. पाणी कुठवर आलं होतं याची ती खूण होती. गल्लीनं मात्र वाचलं की पाणी याच्या वर येणार नाही. खाली एक ओळ लिहायची होती अप्पा. मला जेवताना सुनावलीत तीच.

यंदा साताऱ्यात आठ दिवस पाऊस थांबलाच नाही. धरणाची दारं उघडल्याचं टीव्हीवर सारखं येत होतं. इकडचं पाणी सांगलीला पोचायला वेळ लागतो, तेवढाच वेळ माझ्या हातात होता. वहिनीला लकवा होऊन दोन वर्षं झाली. तिला उचलायला दोन माणसं लागतात, म्हणजे पाणी दारात येण्याआधीच हलायला हवं. मी फोन लावला.

"दादा, आजच निघा."

"अगं, पाणी अजून गल्लीच्या तोंडाला बी न्हाई. आलं तरी रेघेच्या वर जातंय व्हय? माडी हाय की. मागं बी माडीवरच बसलो आमी."

"तेव्हा वहिनी चालत होती."

"तुमच्या कॉन्व्हेंटात धीर धरायला न्हाई शिकवलं काय गं?" मग आवाज खाली आणून, "आणि हिला घिऊन जाऊ कुठं?"

"शाळेत सोय केलीय म्हणे."

"सतरंजीवर? हिला?"

मागून वहिनीचा जड, अडखळता आवाज आला. "आवं, शाळंत घालायचंच असलं तर पैलीत नाव घाला. आईनं घातलंच न्हवतं." दादा खो खो हसला. मी फोन ठेवून दिला.

मला नुसता त्याचा राग येत नाही. गल्लीतून कर्णा लावलेली रिक्षा फिरत होती, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे म्हणून. सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? पाणी तुमच्या दारात किती येईल, कधी येईल, पांगळ्या माणसाला न्यायला गाडी येईल का, हे त्या कर्ण्यातून एकदाही आलं नाही. मग प्रत्येक जण आपापल्या भिंतीशी गेला आणि हातानं मोजू लागला. तिसऱ्या दिवशी पाणी बटणांच्या वर गेलं. माडीवर दादा आणि वहिनी, गोळ्या खालच्या कपाटात, प्यायचं पाणी एक कळशी. दोन दिवसांनी बोट आली. वहिनीला चादरीच्या झोळीत घालून गॅलरीवरून उतरवलं, तेव्हा ती भिजून निळी पडली होती. दवाखान्यात ती वाचली. पण छातीतला कफ गेला तसं तिचं राहिलेलं बोलणंही गेलं. आता ती नुसती मान हलवते. दादा तिला विनोद सांगतो आणि स्वतःच हसतो.

गेल्या आठवड्यात मी सांगलीला गेले. घरात अजून तो कुबट वास आहे. दादा खुर्चीवर चढून तुमच्या रेघेच्या दोन हात वर नवी रेघ ओढत होता. माझा तोल सुटला. "अरे, परत तेच? पुढच्या खेपेला ही बघून बसशील!" त्यानं ब्रश डब्यात बुडवला, कडेला निपटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मग काय बगून बसू, तू सांग."

परतीच्या बसमध्ये मी तुमच्याशी भांडत होते. रेघच काढली नसती तर, खाली लिहिलं असतं तर. कराड मागे पडलं तरी भांडण चालूच होतं. पण अप्पा, साताऱ्यातलं आमचं घर चढावर आहे. मुलं नोकरीला बाहेरगावी गेल्यापासून दोन खोल्या रिकाम्या आहेत. त्या तीन दिवसांत मी किती फोन केले, आणि दर वेळी म्हटलं, निघा. माझ्याकडे या, असं एकदाही म्हटलं नाही. विसरले नव्हते. तिचं अंथरूण, तिचं भांडं, माझे गुडघे, किती दिवस राहतील, हा सगळा विचार मी नंबर लावायच्या आधीच करून ठेवला होता. दादाला ते कळलं असावं. म्हणून 'हिला घिऊन जाऊ कुठं' हे त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याला हे अजून बोलले नाही. तुम्हाला लिहिलं, कारण हे पत्र कुठे जाणार नाही.