वस्तऱ्याच्या मुठीला हायलाइट

हुपरीचे आमचे एकुलते एक मामू शमशुद्दीन यांस,

कोल्हापूरहून भाचा काशिफचा वाकून सलाम. मामीचा गुडघा कसा हाय? पैंजणांना पॉलिश मारून तुमचा खोकला वाढला असंल तर जपा (लग्न तोंडावर आलंय, खोकायला नंतर वेळ मिळंल). हिकडं सगळी खुशाल, अम्मी सोडून. ती का न्हाय ते पुढं येतंय.

तर मामू, खबर अशी की तुमच्या तौसीफभाईची निकाहाआधीची दाढी मी करणार. खरंच. दादाजानचा जुना वस्तरा हाय न्हवं, ज्यानं अब्बांनी तुमची पण नवरदेवाची दाढी केलती, त्याची मूठ पार चहाच्या गाळण्यागत तांबडीपिवळी पडलीया. अब्बा म्हणाले, "ही पयल्यासारखी पांढरी करून दाव, मग नवरदेव तुझा." आपल्या सलूनात दोन वर्सं नुस्ता झाडू मारतोय मी, खुर्चीमागं हुबं ऱ्हायाला कवा मिळणार?

पयल्यांदा टूथपेस्ट लावली. मूठ तशीच, वास मातर ताजा. मग तुमच्या पैंजणांचं बघून रिठ्याच्या पाण्यात घासली, तर नुस्ता फेस. मग माझं डोकं चाललं (चालू नये तवाच चालतं) आणि मूठ अम्मीच्या दुधाच्या पातेल्यात उकळायला टाकली. आता मला काय ठावं, त्या जुन्या प्लास्टिकात कापूर असतोय म्हणून. गल्लीभर कापराचा घमघमाट. शेजारच्या बयाबाई दारात हात जोडून हुब्या, "आरती झाली व्हय रं, का हाय अजून?" अम्मीनं त्यास्नी सरबत दिलं आणि मला लाटणं दावलं. मूठ भाईर काढली तर केळ्यागत वाकलेली. मग पाट्याखाली दाबून सरळ केली (पातेल्यातला कापराचा वास काय गेला न्हाय, त्यात दूध आता कुणीच तापवत न्हाय).

शेवटी अक्कल सलूनातच घावली. पोरं केस सोनेरी करायला येत्यात की, त्यांचं ब्लीच मुठीला फासलं, चांदीच्या कागदात गुंडाळलं आणि पायरीवर उन्हात ठेवलं. गिऱ्हाइकं विचारायची, "कुणाचं हायलाइट चाललंय रं?" मी म्हणायचो, "म्हाताऱ्याचं." सांच्याला कागद सोडला तर मामू, मूठ कवडीगत पांढरी. अब्बांनी चष्मा लावून बघितली, काढून बघितली आणि पान लावून अर्धं मला दिलं. त्यांनी पान दिलं की पसंत समजायचं.

तुमचा, झाडू सोडायला टपलेला,
काशिफ

ता.क. तौसीफभाई म्हणतोय, दाढीसकट कबूल म्हणीन, पर काशिफपुढं मान टाकणार न्हाय. मंगनीला त्याची एक भुवई गेली ती मशीननं गेली, माझा काय संबंध (मशीन माझ्या हातात होतं, ते वेगळं). तुम्ही बाप हायसा, तेवढं बसवा की त्याला.

ता.क. दुसरं. अब्बांनी मला अजून नुस्ती मूठच दिलीया. कील काढून पातं कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरंला. म्हणत्यात, नवरदेव आपल्या पायानं येऊन बसला तरच पातं. तवा तौसीफभाईला सांगा, काशिफकडं पातंच न्हाय, बिनघोर बस. तो बसला की लगीच अब्बांना निरोप धाडा, बसलाय म्हणून.