नातं : नाही

३ मार्च

ती. फुफीस,
सलाम. वि. वि.

पाव आंबवायच्या खमिराची छोटी बरणी परवा पोचली. शेजारच्या शिंपीणबाईंनी ती हुंगून दारूचा वास येतो म्हटलं आणि निम्म्या गल्लीने तुमचा पाव घेणं बंद केलं, म्हणून इमामसाहेबांना दाखवायला लेखी कागद हवा, असं तुम्ही कळवलंत. आमच्या प्रयोगशाळेत मीच तपासणी केली. अल्कोहोल १.८ टक्के आढळलं. अहवाल सोबत आहे. हलाल की हराम हे इमामसाहेबांनी ठरवायचं. मी फक्त मोजते.

तब्येत जपा. लोभ आहेच, तो राहू द्यावा.

आपली भाची

१४ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक दुवा.

कागद मिळाला. इमामसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, की पोटात मावेल तितका पाव खाल्ला तर नशा येईल का. मी म्हटलं, त्याआधी पोट फुटेल. ते हसले. म्हणाले, जे जास्त घेतल्यावर नशा आणतं ते थोडंही हराम, पण जे कितीही खाल्लं तरी चढत नाही त्याची गोष्ट वेगळी. मग त्यांनीच दाखवलं की कागद बरणीचा आहे, पावाचा नाही. मुलीला विचार, पाव मोजला का, म्हणाले.

पण विचारून काय करू? घरातली मोठी बरणी मी कागद आला त्या सकाळीच मोरीत ओतली होती. तुझ्या दादीपासून चालत आलेलं खमीर, पाण्याबरोबर गेलं.

तुझ्या आकड्यामुळे ओतलं असं समजू नकोस. आकडे मला कळत नाहीत. अगदी खालची ओळ मात्र वाचता आली. ‘नमुना पाठवणाऱ्याशी नातं : नाही.’ चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेच होतं.

दहावीपर्यंत तुझ्या डब्यात त्याच खमिराचा पाव असायचा. तो तुला कधी चढला नाही. शिक्षण चढलं बहुतेक.

इकडे सगळं ठीक. गुडघा आहे तसाच. जेवत जा.

तुझी (कागदावर नसलेली)
फुफी

२६ मार्च

ती. फुफीस,
सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आठवडाभर टेबलाच्या खणात होतं. आज उत्तर लिहिते आहे. चुका झाल्या त्या क्रमाने सांगते.

बरणी चार दिवस टपालात बंद होती. खमीर उपाशी राहिलं की वर पाणी सुटतं आणि अल्कोहोल त्यात जास्त असतं. मी न ढवळता ते वरचं पाणीच घेतलं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही चूक माफ नसते. पाव तर मोजलाच नाही.

आता शेवटची ओळ. नातं असेल तर तपासणी दुसऱ्याने करायची असा आमचा नियम आहे. तुमचं काम लवकर व्हावं म्हणून मी ‘नाही’ लिहिलं, असं मी स्वतःला बजावत होते. ते खरं नाही. बरणी आली तेव्हा झाकण उडून खोलीभर आंबूस वास पसरला होता. शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने हसत विचारलं, की तुमच्या घरी दारू कोण गाळतं. सामानाच्या खोलीत नमाज पढणारी इथे मी एकटीच. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, माझ्या घरचं नाही, कुणा गिऱ्हाइकाचं आहे. बोलून गेले, मग तेच कागदावर उतरवलं. तो शब्द यंत्रातून आला नव्हता, फुफी. त्यानंतर त्या खोलीत सज्द्यात डोकं टेकवतानाही मला माझीच लाज वाटते.

साहेबांना सगळं सांगितलं. अहवाल रद्द झाला. माझी पुढची बढती थांबली, ते योग्यच आहे.

प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग आम्ही तीस दिवस थंड कपाटात राखून ठेवतो. तुमच्या बरणीतलं दोन चमचे उरलं होतं. परवानगी घेऊन ते घरी आणलं, रोज पीठ घातलं. चौथ्या दिवशी ते फुगून वर आलं. त्याचा पाव भाजला. तपासला मात्र त्या सहकारिणीने : ०.२ टक्के. तिने शेजारी बाजारचा पाव ठेवला होता. तो ०.३ भरला. नवा कागद इमामसाहेबांसाठी सोबत आहे, सही तिची. खालच्या ओळीत, पाव मी नेला म्हणून, माझं नातं तिने मला विचारून भरलं. ‘नातं : फुफी.’ ती आणखी काही विचारेल असं वाटलं होतं. तिने उरलेला पाव मागितला.

खमीर या वेळी टपालाने पाठवत नाही. शुक्रवारी घेऊन येते. दार उघडावंसं वाटलं नाही तर बरणी पायरीवर ठेवून परतेन. ऊन लागायच्या आत तेवढी उचला आणि ढवळा.

लोभ असावा असं लिहायचा हक्क मी त्या ओळीत घालवला. लोभ उरला असेल तर दोन चमचेही पुरेत.

तुमची
मोजपट्टी