दहा वाजताच्या खाण्याबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
औषध कारखाना,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : गरोदर कामगारास सकाळी दहा वाजता भरण कक्षाबाहेर जाऊन खाण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२) पर्यवेक्षक बाईंनी नुसती मान हलवून दिलेला नकार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, अर्जदार ही आपल्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या भरण्याचे काम करीत असून तिला सध्या पाचवा महिना चालू आहे. भरण कक्षात शिरताना अंगरखा, टोपी, मुखपट्टी चढवावी लागते, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. एकदा आत गेले की जेवणाच्या घंटेपर्यंत बाहेर पडता येत नाही, कारण मग सगळे उतरवून पुन्हा चढवणे आले. नियम योग्यच आहे. लोकांच्या पोटात जाणाऱ्या औषधावर कुणाचा केस पडू नये, हे अर्जदारालाही कळते.

२. परंतु सकाळी घरी खाल्लेले अर्जदाराच्या पोटात ठरत नाही. दहाच्या सुमारास भूक अशी उसळते की पट्ट्या डोळ्यांपुढे पोहू लागतात. त्यातच तपासणीत साखर निघाली. थोडे थोडे खात जा, पोट फार वेळ रिकामे ठेवू नका, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे.

३. आमच्या घराण्यात कुणालाच साखर नाही, मग माझ्याच नशिबी कशी, असे अर्जदाराने विचारले. त्यावर डॉक्टरीणबाईंनी उलट विचारले की, तुम्ही पोटात असताना तुमची आई काय खात होती? खरे उत्तर असे की, फारसे काही नाही. त्या वर्षी वडिलांचे काम बंद पडले होते. तेव्हा बाईंनी समजावून सांगितले की, शरीराची सगळी माहिती जनुकांत असते, पण कुठले जनुक चालू ठेवायचे नि कुठले बंद, हे ठरण्यात त्यांवर बसणाऱ्या बारीक रासायनिक खुणांचाही हात असतो. त्या बसण्याला मेथिलेशन म्हणतात. त्यासाठी लागणारा माल पालेभाज्या, कडधान्ये, अंडी अशा खाण्यातून येतो. पोटातल्या बाळाची उपासमार झाली तर काही खुणा वेगळ्या बसू शकतात आणि मोठेपणी साखर, रक्तदाब, हृदयाचे दुखणे मागे लागण्याचा संभव वाढू शकतो. ‘बसू शकतात’ म्हणतेय हं, घाबरून जाऊ नका, तुमच्या बाबतीत हेच कारण असे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, असेही त्या म्हणाल्या. अर्जदार त्या क्षणापासून घाबरलेली आहे.

४. घरी हे सांगितल्यावर सासूबाईंनी तर हायच खाल्ली. ‘अगं बाई, म्हणजे माझ्या नातवाचं म्हातारपणातलं दुखणं आत्ताच ठरणार की काय?’ असे म्हणून त्या ताटात वाढतच सुटल्या. दवाखान्याच्या गोळ्याही दुप्पट घे म्हणू लागल्या. तसे करायचे नाही, असे डॉक्टरीणबाईंकडून निरोप आला तेव्हा कुठे थांबल्या. नवरा म्हणतो, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, आणि स्वतः मात्र हल्ली रोज दाढी करताना कापून घेतो.

५. मागील आठवड्यात अर्जदाराने मुखपट्टीआड पावाचा तुकडा ठेवला होता. मुखपट्टी हलताना पर्यवेक्षक बाईंना दिसली. तपासणीत गोळ्यांच्या ताटलीत पावाचा चुरा सापडला व सगळा माल बाजूला काढून नष्ट करावा लागला. त्या नेमक्या गरोदर बायकांसाठीच्या गोळ्या होत्या. आपल्यासारख्याच कुणाच्या तरी वाटणीच्या गोळ्या वाया गेल्या, याचे अर्जदारास फार वाईट वाटते. तेव्हापासून मैत्रिणी तिला खारूताई म्हणतात. ते ती हसण्यावारी नेते. भूक सोसत नसेल तर घरी बसा, असे पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. घरी बसून खायचे काय, हे त्यांनी सांगितले नाही.

६. अर्जदाराची भीती आता हाताबाहेर चालली आहे. पट्टीवर मुदतीची तारीख उमटवणारे यंत्र खट्कन वाजले की तिचा हात पोटावर जातो. आत्ता एक खूण बसली, आता दुसरी, असे वाटत राहते. हे वेडेपणाचे आहे, हे तिला समजते. तरी हात जातोच. करिता विनंती की,
(अ) दहा वाजता बाहेर जाऊन खाण्याची मुभा द्यावी. गेलेला वेळ सुट्टी झाल्यावर थांबून भरून देण्यात येईल.
(ब) मुभा देता येत नसल्यास, बाळाने किती वेळ उपाशी राहिलेले चालते, ते आपल्या सहीशिक्क्यानिशी कळवावे.
(क) तेही जमत नसल्यास, हा अर्ज साठ वर्षे जपून ठेवावा. पुढेमागे मुलाला काही दुखणे लागलेच, तर नाही कोण म्हणाले होते, ते त्याला इथे येऊन पाहता यावे.

७. काल अर्जदाराने आईला विचारले, मी पोटात असताना कुणाकडे काही का मागितले नाहीस? आई म्हणाली, ‘लाज वाटली गं.’ एवढेच म्हणून ती भांडी घासायला उठून गेली.

८. लाज अर्जदारालाही वाटते. हा अर्ज एकदा लिहून फाडला होता. नोकरी जाईल ही भीती वेगळीच. तरीपण येत्या सोमवारी दहा वाजता अर्जदार अंगरखा उतरवून बाहेरच्या पायरीवर बसणार आहे आणि डब्यातले उकडलेले अंडे खाणार आहे. आपली परवानगी त्याआधी मिळाली तर फार उपकार होतील. मूल मोठे झाले की त्याला सांगता येईल, तुझ्यासाठी साहेबांनी हो म्हटले होते. नाही मिळाली, तर मी विचारले होते, एवढे तरी सांगेन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही)
पट्ट्या भरणारी, दुसरी रांग, खिडकीकडची जागा

दिनांक : शुक्रवार, जेवणाच्या सुट्टीत

सोबत : १) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
२) वरील सर्व खरे असल्याबद्दल सासूबाईंनी हट्टाने केलेली सही.