सूक्ष्मदर्शकाचं कुंकू

नगर, १९७२

तीर्थरूप दादांना चांगुणाचा नमस्कार.

मी बरी आहे. मेसमध्ये मिलोची, दुष्काळात आलेल्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी असते, पोट भरतं. विहिरीला पाणी उरलंय का? आईचा खोकला कसा आहे?

आता रागाचं लिहिते. खंडेनवमीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा झाली. जूनपासून सूक्ष्मदर्शक मीच पुसून ठेवते. म्हणून कुंकवाची वाटी उचलली, तर बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, “चांगुणा, तू नको. कुमारिकांना लावू दे.”

ह्यांच्या मागं राहिलेल्या पुस्तकांवर घरीच शिकून मी इथवर आले. ह्यांची आठवण रोज येते. पण ते गेले, हा काही माझा गुन्हा नाही.

सुट्टीनंतर आम्ही बघतो तर भिंगाला कुंकू चिकटलेलं, काही दिसेना. बाई म्हणाल्या, “चांगुणा, पुसून दे गं.”

“ज्यांनी लावलं त्यांना सांगा,” म्हटलं आणि जागची हलले नाही.

भाऊबीजेला येते. गेल्या वर्षी धाकट्या बन्सीला ओवाळताना काकूंनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, आणि तुम्ही अंगणात निघून गेलात.

या वेळी घरातच थांबा, दादा.

तुमची लेक,
चांगुणा