निळा म्हणजे निर्धोक

प्रिय विनीत,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यात फार काही शोधू नकोस. गेल्या महिन्यात लोअर परळच्या त्या हॉटेलात तुझं भाषण झालं, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. फार सफाईने बोलतोस आता. तुझे वडील, तात्या, ज्या मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचे, तिच्याच आवारात आज तुझ्या कंपनीचं ऑफिस आहे, हे सांगून तू जिथे थांबलास तिथे शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. तात्या होते तोवर त्यांना त्या मिलबद्दल विचारायला तुला सवड नव्हती. आता गुंतवणूकदारांसमोर ते बरे कामाला येतात.

मग तू पडद्यावर नकाशे दाखवलेस. एमआरआयच्या यंत्रातली रेडिओलहर शरीरातून जाताना कुठे किती बदलते ते मोजायचं, आणि त्यावरून शरीराच्या कुठल्या भागातून वीज किती सहज वाहते हे काढायचं. बाहेरून वीज सोडायची नाही, सुई टोचायची नाही. चरबीतून वीज कमी वाहते, तो भाग निळा. वाईट गाठीत पाणी आणि क्षार जास्त, म्हणून ती बहुधा लाल. इथवर सगळं खरं आहे, आणि ते आपण दोघांनी मिळून शिकलो होतो. पण मोजणीतली जराशी खरखर त्या गणितात कितीतरी पटींनी वाढते, दोन ऊती जिथे भेटतात तिथे उत्तरावर विसंबता येत नाही, हे तू गाळलंस. लोकांना खरखर आवडत नाही म्हणून तू नकाशा घोटून घोटून गुळगुळीत केलास. आजूबाजूच्या चरबीची सरासरी लागली की लहानशी लाल गाठसुद्धा निळी होते. हे तुला समजत नाही असं असतं, तर मी तुला निदान मूर्ख म्हणून सोडून दिलं असतं.

तुला समजतं, कारण लालबागच्या तुमच्या खोलीतच आपण ते पहिल्यांदा पाहिलं. काकू पातेल्यात चायना ग्रास ढवळायच्या, आपण त्यात मीठ घालून बरणीत खोटी गाठ बसवायचो आणि दुसऱ्या दिवशी यंत्रात नेऊन ठेवायचो. हे खायचं नाही तर एवढं आटवायचं कशाला, असं त्या विचारायच्या. एकदा लहान गाठ नकाशात पुसूनच गेली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. आपण हे माणसांवर वापरायचं म्हणतोय, असं दोनदा म्हणालास. तो मुलगा मला आवडायचा. आपलं लग्न झालं नाही याचं काकूंना अजून वाईट वाटतं. मला त्या मुलाचं वाटतं, तुझं नाही.

भाषणाच्या शेवटी तू एका छातीचा नकाशा दाखवलास. डॉक्टर बायोप्सी करा म्हणत होते, पण सगळं निळं आलं आणि सुई टळली, असं सांगितलंस. मग हळूच म्हणालास, “ही माझी आई.” सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मी उठून विचारलं, की किती रुंदीची सरासरी घेतली आहेस आणि गाठ केवढी आहे. तू हसलास. म्हणालास, “नूपुर अजून मिठाच्या पाण्यातच अडकलीय.” लोकही हसले. स्वतःच्या आईची छाती भर सभेत लावून टाळ्या घेणाऱ्या माणसाला प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही, यात आश्चर्य काय.

मी तिथून थेट लालबागला गेले. काकू भाजी निवडत बसल्या होत्या. आधी ऐकेनात. विनीतने स्वतः काढलेला फोटो आहे, तो चुकेल कसा, हेच पुन्हा पुन्हा. तू त्यांना गाठीची गोष्ट पुन्हा काढायची नाही म्हणून बजावलं होतंस, म्हणून गाठ वाढल्याचं त्यांनी तुला सांगितलंच नव्हतं. शेजारच्या कांतामावशींनी समजावलं, तेव्हा कुठे माझ्याबरोबर मी काम करते त्या परळच्या हॉस्पिटलात आल्या. वाटेत मला म्हणाल्या, की सुईचं काही नाही, पण विनीतला कळलं तर त्याला वाटेल माझा त्याच्यावर विश्वास नाही.

काकू देवगडला बहिणीकडे गेल्या आहेत असं तू समजतोस. त्या गेल्या नाहीत. बायोप्सीत कॅन्सर निघाला. मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं, आणि सध्या त्या दादरला माझ्या घरी, आतल्या खोलीत आहेत. काखेपर्यंत पसरला होता. सुई वेळेवर लागली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, तू विचार. जखम भरली की पुढच्या महिन्यात केमो सुरू होईल आणि त्या वेळी त्यांना तू जवळ हवा आहेस. स्वतः सांगायचा त्यांना धीर होत नव्हता. काल मला म्हणाल्या, “तू लिही गो तेका. पण बोल लावू नको.” दुसरं मला जमलेलं नाही, हे त्यांना सांगू नकोस. त्यांनी तुला फक्त बोलावलंय. पुढचं मागणं माझं आहे. निळा नकाशा हातात देऊन ज्या ज्या बायकांना तू सुईशिवाय घरी पाठवलंस, त्या प्रत्येकीला फोन कर आणि बायोप्सी करून घ्या म्हणून सांग. कंपनीच्या मुलीकडून नाही, तू स्वतः कर. कुणी शिव्या दिल्या तर ऐकून घे. त्यातला एकही फोन न करता आलास तरी मी दार उघडीन, कारण आत तुझी आई आहे. मात्र त्यानंतर तुझ्याशी बोलायचं काम मी आमच्या हॉस्पिटलच्या वकिलांवर सोपवीन.

काकूंनी सांगितलंय म्हणून, तुझीच,
नूपुर