हाताला गुण, गणितात भोपळा

ती. वन्सं यांना भावजयीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे माझ्या अभ्यासातून जेवढे वाचले तेवढे. तुमच्या बंधूंचा रक्तदाब मी येताजाता मोजते, त्यामुळे तो वाढायला लागलाय. साखर सोडली तर सासूबाईंची प्रकृती ठणठणीत आहे आणि आवाज त्याहून ठणठणीत. तुमची कंबर कशी आहे? हेडसिस्टर झालात म्हणून कंबर काही नवी मिळत नाही, तेव्हा वॉर्डात जरा बसत चला.

पत्र लिहिण्याचं कारण, मी नर्सिंगचा कोर्स सोडतेय. दचकू नका आणि फोनही करू नका. फोनवर मला रडू येतं आणि रडताना धड भांडता येत नाही. खापर खरं तर तुमच्याच डोक्यावर फोडायला हवं. ‘तुझ्या हाताला गुण आहे, चाळिशी उलटली म्हणून काय झालं, नाव घाल’ हे म्हणालं कोण? हाताला असेल गुण, पण कॉलेजात ते कागदावर लागतात आणि तिथे आमच्याकडे दुष्काळ. माझी आपली समजूत, की नर्सिंग म्हणजे ताप बघायचा, जखम बांधायची आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर हाकलायचं (हे मला उपजत येतं). पहिल्याच सहामाहीत गणित असतं आणि त्यात गचकलं की पुढचं दार बंद, हे तुम्ही शिताफीनं गिळून टाकलंत.

गणिताचे सर म्हणजे शिडशिडीत, कालपरवा मिसरूड फुटलेला मुलगा. प्रत्येक आकड्यात पॉइंट घालतो म्हणून त्याचं नाव पॉइंटसर. पहिल्याच तासाला त्यानं मला उभं करून विचारलं, क्षची किंमत काढा. आता क्ष म्हटल्यावर आपल्याला क्ष-किरणच आठवणार ना? आणि मी बसलेय नर्सिंगच्या वर्गात! मी आपलं सरळ सांगितलं, की छातीचा काढायचाय की पायाचा त्यावर किंमत आहे. वर्ग बाकांवर लोळला. त्या दिवसापासून माझ्या लेकीच्या वयाच्या पोरी मला ‘एक्सरेकाकू’ म्हणतात. (म्हणोत बापड्या. डबा मात्र माझाच खातात.)

तरीही मी नेटानं बसले हो. टक्के आले, गुणोत्तर आलं, सलाईनचे थेंबसुद्धा मोजता यायला लागले. घरी सासूबाईंना हे कळल्यावर त्यांना कोण हुरूप चढला! शाळेत पाठ केलेले त्यांचे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, अजून घोटून तयार आहेत. मटार सोलताना त्या म्हणणार, मागोमाग मी म्हणणार. उत्तरं इतकी पटापट यायला लागली, की तुमच्या बंधूंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग प्रात्यक्षिक परीक्षा आली. खाटेवर रबराचा पेशंट झोपवलेला, आम्ही त्याला रबरराव म्हणतो. जोडीजोडीनं जायचं. एकीनं डोस काढून सांगायचा, दुसरीनं सिरिंज भरायची. माझ्या जोडीला चिमणी होती. पोरगी गुणी आहे, हात हलका आहे, पण घाबरट. मोठ्या मॅडम वही उघडून समोर बसलेल्या. एका मिलीत चाळीस मिलिग्रॅम औषध, द्यायचंय सत्तर. कागद न घेता मी खणखणीत आवाजात सांगितलं, ‘पावणेदोन!’ वन्सं, उत्तर बरोबर होतं. पण चिमणीनं सिरिंज भरली ती दोनाच्या पुढे पाऊण. आणि मी मठ्ठासारखी मॅडमच्या तोंडाकडे बघत उभी, शाबासकी येतेय का म्हणून. मॅडमनी सिरिंज उजेडाकडे धरली आणि थंडपणे म्हणाल्या, ‘पेशंट गेला.’

मी म्हटलं, रबराचा तर आहे. (इथे गप्प बसायला हवं होतं, कळतं मला.) चिमणी रडत सांगायला लागली, की पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पाऊण, काकूच तसं म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. अगं भवाने, पावणे म्हणजे पाव उणे! दोनाला पाव कमी! शेजारीच उभ्या पॉइंटसरांना वाटलं आपण न्याय करावा, म्हणून त्यांनी रांगेत थांबलेल्या वर्गाला हात वर करायला सांगितले. निम्म्याहून जास्त पोरींनी दोन पॉइंट सात पाचला हात वर केले. म्हणजे बहुमतानं मी चुकले! पावणेदोन वाजता ह्या पोरी कुठे जात असतील देव जाणे, एक तास उशिराच पोचत असतील.

मग मोठ्या मॅडम बोलल्या, आणि तेच मला लागलं. म्हणाल्या, ‘बाई, उत्तर तुमच्या डोक्यात बरोबर होतं, पण औषध डोक्यातून जात नाही. समोरच्याला कळलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची.’ दोघींना भोपळा दिला. फेरपरीक्षा सोमवारी, तीही जोडीनंच, आणि ती शेवटची. मॅडम खोटं कुठे बोलत होत्या? घरी आले तर तुमचे बंधू हसलेसुद्धा नाहीत, नुसता चहा करून दिला. तेव्हा मात्र मला हुंदका आवरेना. या वयात पोरींच्या रांगेत बसून नापास व्हायचं, आणि शेजारीपाजारी ‘नर्सबाई’ म्हणून हाक मारणार! नको ते. माणसानं आपली पायरी ओळखावी. मी सोडतेय, हा माझा शेवटचा शब्द.

मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार, कंबरेला शेक.

तुमची (कधीही नर्स न होणारी) भावजय

ता. क. वर लिहिलंय ते कुणाला सांगू नका. फेरपरीक्षेला नाव दिलंय. मी नाही गेले तर चिमणीला जोडी नाही, आणि ती पोर फुकट घरी बसेल. मला स्वतःला काही हौस नाही.

ता. क. दुसरं. आता खरं काम. सासूबाईंना सोमवारपर्यंत तुमच्याकडे घेऊन जा. तुमची फार आठवण काढतात. (काढत नाहीत. पण सकाळपासून पाऊणकी चालू असते आणि माझ्या जिभेवर पुन्हा पावणे यायला लागलंय.) सोमवारी रात्री मात्र परत पाठवा, त्यांच्यावाचून घर खायला उठतं.

ता. क. तिसरं, आईकडून. पत्र टाकायला हिनं माझ्याच हातात दिलं, पाकीट न चिकटवता. मी कुठेही येत नाही. पाऊणकी त्याच दिवसापासून बंद. त्या चिमणीला इथेच राहायला बोलावलंय, दोघी माझ्यासमोर बसतात आणि मीही त्यांच्याबरोबर ‘एक पॉइंट सात पाच’ म्हणते. जिभेला पीळ पडला. माझी रोजची साखरेची सुई टोचायला येणारा कंपाउंडर मी परवाच बंद केला, आता हीच टोचते. काल सुई कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. तरी मी जोरात ओरडले, नाहीतर ही माझ्या डोक्यावर बसेल.